आधी नाव, पत्ता आणि वेळ: संस्थेची डिरेक्टरी आणि नेटवर्क एकाच कागदावर आखताना

डोमेन कंट्रोलर, म्हणजे संस्थेतल्या सर्वांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, उभा करायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासाच्या आधी जे ठरवायचे राहून गेले, ते मात्र पुढची दहा वर्षे छळत राहते. ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांना एकदम लागू होणारी सेटिंग) चुकली तर दुपारपर्यंत दुरुस्त होते, ओयू (खाती आणि संगणक ठेवायचा डिरेक्टरीतला कप्पा) चुकला तर ओढून दुसरीकडे नेता येतो. डोमेनचे नाव किंवा आयपी पत्त्यांची मांडणी चुकली तर सगळी संस्था हलवावी लागते. म्हणून या लेखात क्रम असा ठेवला आहे: बदलायला जे सर्वांत कठीण ते आधी.

उदाहरणासाठी मुख्य कार्यालयात ३०० माणसे, दोन शाखांत प्रत्येकी ४० आणि विंडोज सर्व्हरवरची ॲक्टिव्ह डिरेक्टरी (मायक्रोसॉफ्टची डिरेक्टरी सेवा) असे चित्र धरू. साम्बा ४ हा तिचा मुक्त पर्याय वापरणाऱ्यांनाही यातला बहुतेक भाग जसाच्या तसा लागू पडेल.

डोमेनचे नाव

संस्थेच्या मालकीचे जे सार्वजनिक डोमेन असेल, त्याचे एक उपडोमेन घ्या. सार्वजनिक नाव संस्था.कॉम असेल तर आतले नाव एडी.संस्था.कॉम. दुसरे काही शोधत बसू नका.

शेवटी ".लोकल" लावायची जुनी सवय अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. २०१३ साली हा शेवट मल्टिकास्ट डीएनएससाठी राखीव झाला. त्यामुळे मॅक, काही लिनक्स आणि प्रिंटर हे नाव तुमच्या डीएनएस सर्व्हरला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारण्याऐवजी थेट नेटवर्कवर हाक मारून शोधतात. शिवाय अशा नावाचे प्रमाणपत्र कोणतीही सार्वजनिक संस्था देत नाही.

सार्वजनिक डोमेनचेच नाव आतही ठेवणे हा दुसरा सापळा. प्रत्येक डोमेन कंट्रोलर डोमेनच्या मूळ नावापुढे स्वतःचा पत्ता नोंदवतो. त्यामुळे ऑफिसात बसून कोणी "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू" न लावता संस्थेचे संकेतस्थळ उघडू पाहिले तर ब्राउझर डोमेन कंट्रोलरच्या दारात जाऊन उभा राहतो. बाहेरची प्रत्येक नोंद आतल्या झोनमध्ये (डीएनएसच्या नोंदवहीत) हाताने पुन्हा लिहावी लागते आणि मेलची एखादी नोंद हमखास विसरते.

नेटबायॉस नाव (डोमेनचे जुन्या पद्धतीचे छोटे नाव) १५ अक्षरांच्या आत आणि ओळखू येईल असे ठेवा. लोकांना लॉगिनसाठी एडी.संस्था.कॉम टाकायला लावू नका. संस्था.कॉम हा वेगळा यूपीएन (ईमेलसारख्या लॉगिन नावाचा) शेवट जोडा, म्हणजे ईमेल पत्ता आणि लॉगिन एकच होतात. डोमेनचे नाव नंतर बदलण्याची सोय आहे, पण एक्सचेंज या मेल सर्व्हरच्या सध्याच्या आवृत्त्या जिथे बसवल्या आहेत तिथे ती वापरता येत नाही.

फॉरेस्ट (डोमेनांचा समूह) एक, डोमेन एक. ४०० माणसांच्या संस्थेला यापेक्षा जास्त लागत नाही. शाखेसाठी वेगळे चाइल्ड डोमेन करण्याचा आग्रह धरला जातो, पण अधिकार वाटून देण्यासाठी ओयू पुरतात. सुरक्षेची खरी हद्द फॉरेस्ट असते. डोमेन वाढवल्याने सुरक्षा वाढत नाही, सांभाळायचे सर्व्हर मात्र वाढतात.

पत्त्यांची मांडणी

१९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे पट्टे टाळा. घरोघरीच्या राउटरमध्ये हेच असतात. घरून व्हीपीएन जोडणाऱ्याच्या संगणकाला फाइल सर्व्हर आपल्याच खोलीत आहे असे वाटते आणि डेटाचे पाकीट व्हीपीएनच्या बोगद्यात शिरतच नाही. १७२.१७ हा पट्टाही सोडा, कारण डॉकर हे कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर तो आपणहून घेते. १०.०.०.० /८ मध्ये जागा मुबलक आहे. तिथे दुसरा आकडा ठिकाणाचा आणि तिसरा व्हीलॅनचा (त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या आभासी नेटवर्कचा) ठेवा:

मुख्य कार्यालय १०.१०.०.० /१६
शाखा एक १०.२०.०.० /१६
शाखा दोन १०.३०.०.० /१६

प्रत्येक ठिकाणी व्हीलॅन १० स्विच आणि इतर साधनांच्या व्यवस्थापनासाठी, २० सर्व्हर, ३० कर्मचारी, ४० फोन, ५० प्रिंटर आणि कॅमेरे, ६० पाहुण्यांचे वायफाय. मग १०.२०.५०.१४ हा पत्ता पाहताच पहिल्या शाखेतला प्रिंटर हे कळते. रात्री अकरा वाजता फायरवॉलचा लॉग वाचणाऱ्याला याचे मोल कळते.

३०० कर्मचाऱ्यांना /२४ पुरत नाही, त्यात २५४ पत्ते मिळतात. /२३ घेतला तर ५१०. मात्र /२३ सुरू होतो तिथे तिसरा आकडा समच लागतो: १०.१०.३०.० चालेल, १०.१०.३१.० चालणार नाही. व्हीलॅनचे क्रमांक दहा-दहाच्या अंतराने ठेवण्याचे कारण हेच, मध्ये वाढायला जागा राहते.

नेटवर्क आणि डिरेक्टरी एकाच कागदावर आखायची ती इथे. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत "साइट" नावाची गोष्ट असते आणि प्रत्येक साइटला सबनेट (पत्त्यांचे पट्टे) जोडावे लागतात. संगणक आपल्या पत्त्यावरून स्वतःची साइट ओळखतो आणि त्या साइटचा डोमेन कंट्रोलर निवडतो. वरच्या मांडणीत तीन साइट आणि तीन नोंदी, एवढ्यात काम संपते. पत्ते वाटेल तसे वाटले असतील तर तीस-चाळीस नोंदी होतात, दोन राहून जातात आणि त्या दोन सबनेटमधले संगणक दुसऱ्या शाखेच्या कंट्रोलरकडून लॉगिन करत राहतात. अशा संगणकांची नावे कंट्रोलरवरच्या नेटलॉगॉन लॉगमध्ये "नो क्लायंट साइट" या शेऱ्यासह सापडतात. महिन्यातून एकदा तो लॉग उघडून पाहा.

साइट जोडणाऱ्या दुव्यावरून कंट्रोलरांमध्ये होणाऱ्या देवाणघेवाणीची वेळ मूळ सेटिंगमध्ये १८० मिनिटे असते. म्हणजे मुख्य कार्यालयात बंद केलेले खाते स्वतःचा कंट्रोलर असलेल्या शाखेत तीन तास चालू राहू शकते. ती १५ मिनिटांवर आणा. त्याहून कमी आकडा ते घेत नाही.

डीएनएस

लॉगिनला वेळ लागतो, पॉलिसी लागत नाही, संगणक डोमेनला जोडला जात नाही, अशा तक्रारी आल्या की आधी डीएनएस पाहा. संगणक डोमेन कंट्रोलर शोधतो तो डीएनएसमधल्या एसआरव्ही (कोणती सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या) नोंदींवरून. नोंद मिळाली नाही तर कंट्रोलर शेजारच्या रॅकमध्ये असूनही त्याच्या लेखी अस्तित्वात नाही.

सर्वांत जास्त दिसणारी चूक अशी. संगणकाला पहिला डीएनएस आतला दिला, आणि "इंटरनेट बंद पडू नये म्हणून" दुसरा बाहेरचा, ८.८.८.८. काही आठवडे सगळे सुरळीत चालते. मग एके दिवशी कंट्रोलर अपडेटसाठी पुन्हा सुरू होतो आणि दोन मिनिटे उत्तर देत नाही. संगणक दुसऱ्या सर्व्हरकडे वळतो, त्याला एडी.संस्था.कॉमच्या नोंदी विचारतो आणि तो सर्व्हर प्रामाणिकपणे सांगतो, असे नाव नाही. "नाही" हेदेखील उत्तरच असल्यामुळे संगणक पुन्हा पहिल्याकडे विचारायला जात नाही, आणि काही काळ दुसऱ्यालाच धरून बसतो. वापरकर्त्याला इंटरनेट मिळत असते, फाइल सर्व्हर मिळत नाही. तुम्ही पाहायला जाईपर्यंत सगळे पुन्हा ठीक झालेले असते. डोमेनमधल्या कोणत्याही संगणकाला फक्त आतलेच डीएनएस द्या, आणि ते दोन असू द्या. बाहेरची नावे शोधण्याचे काम डोमेन कंट्रोलरवर फॉरवर्डर (प्रश्न बाहेरच्या डीएनएसकडे पाठवण्याची सोय) लावून त्यांच्याकडे सोपवा.

कंट्रोलरचे स्वतःचे डीएनएस: पहिला जोडीदार कंट्रोलर, शेवटचा १२७.०.०.१, म्हणजे तो स्वतः. केवळ स्वतःलाच विचारणारा कंट्रोलर सुरू होताना अडकतो, कारण डीएनएस डिरेक्टरीची वाट पाहतो आणि डिरेक्टरी डीएनएसची. इव्हेंट लॉगमध्ये ४०१३ क्रमांक दिसला की हेच समजा.

झोन डिरेक्टरीतच साठवा आणि बदलांना "फक्त सुरक्षित" ही परवानगी ठेवा. १० साठी एक उलटा (पत्त्यावरून नाव सांगणारा) झोन करा. स्कॅव्हेंजिंग (जुन्या नोंदी आपोआप पुसणे) मूळ सेटिंगमध्ये बंद असते. ते एकाच सर्व्हरवर, ७ (नो-रिफ्रेश) आणि ७ (रिफ्रेश) दिवसांच्या मुदतीने चालू करा, नाहीतर वर्षभरात एकाच पत्त्यावर चार लॅपटॉपची नावे साचतात आणि दूरून मदत करणारा भलत्याच माणसाच्या पडद्यावर पोचतो. चालू करण्याआधी सर्व्हर आणि प्रिंटर यांच्या नोंदी स्थिर आहेत याची खात्री करा.

वेळ

केर्बेरॉस (डोमेनमधले लॉगिन तपासणारी पद्धत) घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. डोमेनमध्ये वेळेची उतरंड ठरलेली आहे: संगणक कोणत्याही कंट्रोलरकडून, कंट्रोलर पीडीसी एम्युलेटरकडून (ही खास भूमिका असलेल्या एका कंट्रोलरकडून), आणि फक्त पीडीसी एम्युलेटर बाहेरच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरकडून वेळ घेतो. बाहेरचे चार सर्व्हर द्या. दोनच दिले आणि त्यांच्यात फरक पडला तर खोटा कोण हे ठरवता येत नाही.

पीडीसी एम्युलेटर व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टकडून (ज्या भौतिक सर्व्हरवर ते चालते त्याच्याकडून) वेळ घेण्याची सोय त्याच्यापुरती बंद करा. होस्ट डोमेनकडून वेळ घेतो, डोमेन होस्टकडून, आणि दोघे मिळून हळूहळू भरकटतात. स्विच, फायरवॉल, कॅमेरे यांनाही हीच वेळ द्या. घटनेचा माग काढताना तीन लॉगमध्ये तीन वेगवेगळ्या वेळा असल्या तर सगळा तपास हुकतो.

डोमेन कंट्रोलर किती आणि कुठे

मुख्य कार्यालयात दोन, वेगवेगळ्या भौतिक होस्टवर. या आकाराच्या संस्थेची डिरेक्टरी छोटी असते. दोन कोअर, ८ जीबी रॅम आणि १०० जीबी डिस्क भरपूर झाली. यावर फाइल सर्व्हर, ॲप्लिकेशन, प्रमाणपत्र सेवा, काहीही चढवू नका. डीएनएस चालेल, डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) नाइलाज असेल तर.

शाखेत कंट्रोलर ठेवावा का? दुवा भरवशाचा असेल तर ४० माणसांसाठी नको. विंडोज मागच्या १० लॉगिनची आठवण ठेवते, त्यामुळे दुवा तुटला तरी माणसे संगणकात शिरतात. दुवा वारंवार तुटत असेल आणि खोलीला कुलूप नसेल तर फक्त वाचता येणारा कंट्रोलर ठेवा. साधा कंट्रोलर कुलपाविना ठेवणे म्हणजे सर्वांच्या पासवर्डचे हॅश (साठवलेले सांकेतिक रूप) कोणाच्याही पिशवीत जाऊ देणे.

पाच एफएसएमओ भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) पहिल्या कंट्रोलरवर एकत्र राहू द्या आणि कोणत्या कुठे आहेत हे लिहून ठेवा. दोन्ही कंट्रोलर ग्लोबल कॅटलॉग (फॉरेस्टभरच्या नोंदींची शोधयादी ठेवणारे) करा.

होस्टच्या व्यवस्थापनासाठी डोमेनबाहेरचे स्थानिक खाते असलेच पाहिजे. वीज पूर्ण जाऊन आल्यावर होस्टला लॉगिनसाठी कंट्रोलर हवा आणि कंट्रोलर त्याच होस्टवर बंद, अशी कोंडी होते. त्या खात्याचा पासवर्ड आणि होस्टचे आयपी पत्ते कागदावर, कुलपात.

डीएचसीपी आणि स्विच

दोन डीएचसीपी सर्व्हर फेलओव्हर जोडीत (एक बंद पडला तर दुसरा काम उचलेल असे) लावा. प्रत्येक व्हीलॅनच्या गेटवेवर रिले (पत्त्याची मागणी सर्व्हरपर्यंत पोचवणारी सोय) बसवताना दोन्ही सर्व्हरचे पत्ते द्या. एकच दिलेला असतो आणि ते पहिला सर्व्हर बंद पडेपर्यंत कळत नाही. डीएनएसमध्ये नोंदी लिहिण्यासाठी दोन्ही सर्व्हरला एकच साधे खाते द्या. नाहीतर एकाने लिहिलेली नोंद दुसऱ्याला बदलता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या पत्त्याची मुदत ८ दिवस ठीक, पाहुण्यांची ४ तास. पाहुण्यांना ८ दिवस दिले तर २५४ पत्ते पहिल्याच मोठ्या बैठकीत संपतात. पाहुण्यांचे डीएचसीपी आणि डीएनएस फायरवॉलकडूनच द्या, त्यांचा आतल्या सर्व्हरशी काही संबंध नको.

आता एक बारकी गोष्ट, जिच्यासाठी ग्रुप पॉलिसीला उगाच दोष दिला जातो. स्विचच्या पोर्टमध्ये वायर जोडली की स्पॅनिंग ट्री (स्विचमधले फेरे टाळणारी यंत्रणा) आधी ऐकते, मग शिकते, प्रत्येकी १५ सेकंद. या ३० सेकंदांत पोर्टमधून काहीही जात नाही. एसएसडी असलेला संगणक त्याआधीच सुरू होऊन डीएचसीपीला हाका मारून दमतो आणि स्वतःला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता देतो. वापरकर्ता साठवलेल्या आठवणीवर लॉगिन करतो. संगणकाच्या पॉलिसी आणि नेटवर्क ड्राइव्ह लागत नाहीत. मिनिटभराने पत्ता मिळतो आणि सगळे निरोगी दिसते. उपाय: ज्या पोर्टला संगणक, फोन किंवा प्रिंटर जोडलेला आहे तो "एज" म्हणून घोषित करा आणि त्यावर बीपीडीयू गार्ड लावा, म्हणजे कोणी तिथे चुकून स्विच जोडला तर पोर्ट बंद होईल. रूट ब्रिज (स्पॅनिंग ट्रीच्या मुळाशी असलेला स्विच) कोण हे नशिबावर सोडू नका. मूळ अग्रक्रम ३२७६८ असतो आणि कमी आकडा वरचढ ठरतो, मुख्य स्विचला ४०९६ द्या आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२.

तांब्याच्या वायरची मर्यादा १०० मीटर: भिंतीतली ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १०. त्यापुढे फायबर. वायफायच्या ॲक्सेस पॉइंटना ३० वॅटचा पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच मिळणारी वीज) लागेल असे धरा आणि स्विचची एकूण वॅट क्षमता पोर्टांच्या संख्येशी ताडून पाहा. २४ पोर्टांवर पीओई लिहिलेले असते, पण सगळ्यांना एकाच वेळी पूर्ण वीज मिळतेच असे नाही.

शाखा ते मुख्य कार्यालय: फायरवॉल आणि बोगदा

उघडायचे पोर्ट: ५३, ८८, ३८९ आणि ४६४ टीसीपी व यूडीपी दोन्ही. १२३ यूडीपी. १३५, ४४५, ६३६, ३२६८, ३२६९ टीसीपी. आणि ४९१५२ ते ६५५३५ टीसीपी. शेवटचा पट्टा पाहून फायरवॉल सांभाळणारा दचकतो आणि तो गाळला जातो. मग लॉगिन चालते, पण कंट्रोलरांमधली देवाणघेवाण १७२२ या त्रुटीने थांबते. पट्टा फक्त कंट्रोलरच्या पत्त्यांपुरता उघडा म्हणजे धोका आटोक्यात राहतो.

आयपीसेक (शाखा आणि मुख्य कार्यालय जोडणाऱ्या सांकेतिक) बोगद्यातून पाकिटाचा आकार घटतो. लहान पिंग व्यवस्थित जाते आणि पॉलिसीची फाइल उतरताना अडकते. पिंगला "तुकडे करू नका" असे सांगून १४७२ बाइट पाठवा. त्यात २८ बाइटचे शीर्षक मिळवले की १५०० होतात. उत्तर नाही आले तर आकडा कमी करत जा आणि जिथे उत्तर येते त्यानुसार फायरवॉलवर टीसीपीचा एमएसएस (एका पाकिटातल्या डेटाची कमाल मर्यादा) घाला.

ओयू, ग्रुप आणि अधिकार

ओयू संस्थेच्या विभागांच्या तक्त्यावरून करू नका, तो तक्ता दरवर्षी बदलतो. कोणाला कोणती पॉलिसी लागेल आणि कोणाला कोणाचा पासवर्ड बदलता येईल, या दोन प्रश्नांवरून करा. वर ठिकाण, खाली वापरकर्ते, संगणक, सर्व्हर, इतके बस. तीन पायऱ्यांच्या खाली गेलात तर पुन्हा विचार करा. मूळचे "युझर्स" आणि "कॉम्प्युटर्स" हे ओयू नसून कंटेनर आहेत आणि त्यांना पॉलिसी जोडता येत नाही. म्हणून नवे संगणक थेट तुमच्या ओयूमध्ये पडतील अशी दिशा "रेडिरसीएमपी" या आज्ञेने आणि वापरकर्त्यांची "रेडिरयूएसआर"ने बदला.

फोल्डरवर माणसाचे नाव कधीही घालू नका. माणूस भूमिकेच्या ग्लोबल ग्रुपमध्ये, तो ग्रुप फोल्डरच्या डोमेन लोकल ग्रुपमध्ये, आणि परवानगी त्या शेवटच्या ग्रुपला. सुरुवातीला लांबण वाटते, पण लेखा विभागातला माणूस खरेदी विभागात गेला की एका ग्रुपमधून काढून दुसऱ्यात टाकले की झाले.

साध्या वापरकर्त्यालाही मूळ सेटिंगमध्ये १० संगणक डोमेनला जोडता येतात. तो आकडा शून्य करा. प्रशासकाला दोन खाती द्या, रोजच्या कामाचे वेगळे. डोमेन ॲडमिनचे खाते कंट्रोलरशिवाय कुठेही वापरायचे नाही, कारण ज्या संगणकात ते टाइप झाले तिथून ते चोरता येते. संगणकांचे स्थानिक प्रशासक पासवर्ड लॅप्सकडे (ते आपोआप बदलून जपणाऱ्या सोयीकडे) सोपवा. एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आहे.

बॅकअप आणि चाचणी

दोन्ही कंट्रोलरचा सिस्टिम स्टेट (डिरेक्टरीसह) बॅकअप रोज घ्या. बॅकअप सर्व्हर डोमेनबाहेर ठेवा, म्हणजे डोमेन हल्लेखोराच्या हाती गेले तरी बॅकअप जाणार नाही. १८० दिवसांपेक्षा जुना बॅकअप निरुपयोगी, कारण पुसलेल्या वस्तूंच्या खुणा तोवर निघून गेलेल्या असतात. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका. डिरेक्टरीचा रिसायकल बिन पहिल्याच दिवशी चालू करा. एकदा चालू केले की बंद करता येत नाही, आणि करावेसे वाटणारही नाही. डीएसआरएम (डिरेक्टरी दुरुस्तीच्या मोडचा) पासवर्ड पाकिटात बंद करून कुलपात.

वापरकर्ते हलवण्याआधी "डीसीडायग" आणि "रेपॲडमिन" या तपासणीच्या साधनांचा सारांश दोन्ही कंट्रोलरवर एकही त्रुटी न दाखवता आला पाहिजे. त्यानंतर कामाच्या दिवशी, सगळ्यांना सांगून, पहिला कंट्रोलर बंद करा. त्या वेळी शाखेतल्या एका संगणकावर, ज्या माणसाने तिथे कधीच लॉगिन केलेले नाही, त्याला लॉगिन करायला सांगा. साठवलेली आठवण नसल्यामुळे हा लॉगिन खरा असतो. तो झाला, पॉलिसी लागली आणि फाइल सर्व्हर उघडला की पहिला चालू करा, देवाणघेवाण पूर्ण झाल्याची खात्री करा आणि हेच दुसऱ्या कंट्रोलरसाठी करा.